एक फुटाची चिलापी

प्रबोध आठल्ये मासे खात नाहीत. मासे खाणाऱ्यांच्या शेजारी जेवायची वेळ आली तर खुर्ची हळूच इंचभर सरकवतात आणि वर "चालू द्या, चालू द्या तुमचं" असं म्हणतात. असा हा माणूस दर शनिवारी पहाटे उठून, एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, आणि मग बस धरून, क्रांजीकडच्या एका तळ्यावर मासे पकडायला जातो, हे माझ्या नवऱ्याने, म्हणजे संजीवने, मला सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसले होते. आम्ही इथे परदेशात, क्लेमेंटीत, त्यांच्याच ब्लॉकमध्ये दोन मजले खाली राहतो. मी अलिबागची. माशांच्या बाबतीत माझी थट्टा करण्याची हिंमत कुणी करू नये आणि माझ्यापुढे उगाच माशांचा कळवळाही दाखवू नये.

पण मग अश्लेषाने, म्हणजे त्यांच्या बायकोने, सगळं सांगितलं आणि माझं हसणं थांबलं. प्रबोधराव चोवीस वर्षं तुआसमधल्या एका कारखान्यात क्वालिटीला होते. मोठमोठे व्हॉल्व्ह मोजायचे आणि केसभर जरी चुकला तरी लाल स्टिकर लावून बाजूला काढायचे. कारखाना दुसऱ्या देशात हलला आणि पंचावन्नाव्या वर्षी हे घरी बसले. घरी बसले म्हणजे अक्षरशः बसले. सकाळी सोफ्यावर, दुपारी सोफ्यावर, संध्याकाळी त्याच सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला. आठ महिने ते लिफ्टने खालीसुद्धा उतरले नाहीत. एका मित्राने बळेबळे त्या तळ्यावर नेलं आणि त्या दिवशी ते परत येताना शीळ घालत आले. "विनीता, ते तळं आहे म्हणून हा माणूस आहे," असं अश्लेषा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

तळं हेंग अंकलचं. सत्तरी कधीच ओलांडलेला, कायम रबरी चपला आणि बिनबाह्यांचा बनियन घातलेला चिनी म्हातारा. तिकीट काढायचं, दिवसभर गळ टाकून बसायचं, असा त्याचा धंदा. पुढच्या मोठ्या तळ्यात नावाजलेले मासे होते आणि गर्दी तिथेच असायची. मागे एक लहान तळं होतं, त्यात चिलापी. तिलापिया हो, आपल्याकडे धरणात सापडते तीच. त्या बाजूला कुणी फिरकायचं नाही, म्हणून प्रबोधरावांना ते आवडलं.

तिथे त्यांनी तीन वर्षं काय केलं ते ऐका. अश्लेषा त्यांना कणकेचे गोळे करून द्यायची, डबाभर. माशांना कणीक घालणं म्हणजे पुण्य, हे त्यांच्या कोथरूडच्या घरात आजोबांपासून चालत आलेलं. त्यातलाच एखादा गोळा गळाला लावायचा, मासा वर काढायचा, ओल्या हाताने गळ सोडवायचा, पट्टीवर लांबी मोजून वहीत लिहायची, "जा बाळा" म्हणायचं आणि पाण्यात सोडायचा. उरलेली कणीक तळ्यात. एकही मासा त्यांनी घरी नेला नाही, मारला नाही. लोक हसत. हेंग अंकल त्या तळ्याला चपाती पाँड म्हणायला लागले. प्रबोधरावांना त्याचा अभिमान होता.

गेल्या वर्षी चायनीज न्यू इयर झाल्यावर अंकलने त्यांना बोलावून सांगितलं की हे तळं आता कोळंबीला द्यायचं. हल्ली लोकांना सावलीत बसून, बिअर पीत कोळंबी पकडायला आवडतं. एकजण मागे लागला होता. चिलापीला गिऱ्हाईक नव्हतं, कारण ती वाढतच नव्हती. सगळी तळहाताएवढी.

प्रबोधराव वही घेऊन आमच्याकडे आले. तीन वर्षांचे आकडे होते. मी चष्मा लावून पानं उलटली. पहिल्या वर्षी तेरा सेंटीमीटर, दुसऱ्या वर्षी तेरा, तिसऱ्या वर्षी साडेबारा.

"अहो, हे मासे आहेत की पेन्सिली?" मी म्हटलं. "एवढी कणीक खाऊन अंगाला लागत कशी नाही?"

"तेच कळत नाहीये, वहिनी. मी तर एकालाही धक्का लावला नाही."

माझी ट्यूब तिथेच पेटायला हवी होती, पण मी समुद्राच्या माशांत वाढलेली. तळ्यातल्या माशाला आम्ही मासा म्हणत नाही. ते शोधलं त्यांनीच, रात्रंदिवस वाचून. अमेरिकेत ब्लूगिल नावाचा असाच तळहाताएवढा मासा असतो म्हणे. तिथले लोक त्याच्यासाठी नियम करतात. माणशी इतकेच न्यायचे, आणि त्यातही लहान न्यायचे. घरट्यावर पहारा देणारे मोठे नर परत सोडायचे, कारण मोठे नर उचलले की लहानांना वाढायची गरजच उरत नाही, ते कोवळ्या वयातच पिल्लं काढत सुटतात. आणि सगळेच ठेवले तर गर्दी होते, कुणालाच पोटभर मिळत नाही. चिलापी तर पोरं काढण्यात ब्लूगिलच्या वरताण. प्रबोधरावांनी हे सगळं अंकलला समजावून सांगितलं. अंकलने सिगरेटचा झुरका घेतला आणि म्हणाले, "आय नो, लाह. यू पिटी, सो ऑल हंग्री."

तुझ्या दयेने सगळे उपाशी. प्रबोधरावांच्या तोंडावर कुणी असं बोललं नव्हतं. त्या दिवशी ते घरी आले ते थेट सोफ्यावर. अश्लेषाचा मला फोन आला, आणि मी दोन जिने चढून वर गेले. "प्रबोधराव," मी म्हटलं, "तुआसमध्ये खराब माल बाजूला काढताना तुमचा हात कापायचा का?"

"व्हॉल्व्हला जीव नसतो, वहिनी."

"जे उपाशी आहेत त्यांना आहे ना?"

दुसऱ्या दिवशी ते अंकलकडे गेले आणि एक वर्ष मागून घेतलं. अंकल म्हणाले, पुढच्या न्यू इयरच्या आधीच्या रविवारी, दुपारी बारापर्यंत, एका फुटाचे दहा मासे मला पट्टीवर दाखव. नाहीतर कोळंबी.

आता लहान मासे काढायचे म्हणजे न्यायचे कुठे? प्रबोधरावांचं पहिलं म्हणणं, जवळच्या जलाशयात सोडून देऊ, सुखाने राहतील. अंकल किंचाळलेच. इथे असं सोडलं तर दंड होतो, आणि बरोबरच आहे, तिथल्या माशांचीही वाट लागते. म्हणजे खाणं आलं. आणि अश्लेषाच्या ओट्यावर मासा चढणं या जन्मी शक्य नव्हतं.

तेव्हा पहिल्या शनिवारी दुपारी आमची बेल वाजली. दारात प्रबोधराव, हातात बर्फाने भरलेली पिशवी, मान भिंतीकडे वळवलेली. "बावीस आहेत," एवढंच म्हणाले आणि पिशवी पुढे केली. अंकलने बर्फाच्या पाण्यात टाकून त्यांचं काम आटपलं होतं, पण बादलीत ठेवले होते यांनीच. मी चिलापीला नाक मुरडणारी बाई, पण त्या दिवशी पिशवी सरळ ओट्यावर उपडी केली. खवलं काढली, पोट साफ केलं, मातकट वास जावा म्हणून हळद-मीठ आणि कोकमाचं आगळ लावून तासभर ठेवले, मग तांदळाच्या पिठात घोळवून कुरकुरीत तळले. संजीवने अकरा खाल्ले. मी प्रबोधरावांना निरोप पाठवला, "एकही वाया गेला नाही."

मग ते रीतीला लागलं. शनिवार आला की पिशवी यायची. माझ्या एकटीच्या कढईला झेपेना, तेव्हा मी ओळखीतली मासे खाणारी मराठी घरं गोळा केली. सेंगकांगची दोन तरुण जोडपी तर डबे घेऊन तळ्यावरच यायला लागली. प्रबोधरावांनी तळ्यावर पाटी लावली: वीत भरायच्या आतले हवे तेवढे न्या, त्याहून मोठा प्रत्येक मासा परत सोडा. त्यावरून भांडणं झाली. तिकीट काढून मोठा मासा परत सोडायचा हे कुणाला पटणार? एकाने पिशवीत लपवलेली मोठी चिलापी यांनी पकडली आणि पिशवी उलटी करून तळ्यात ओतली. मी पाहिलंय. घरात झुरळाला वाट करून देणारा माणूस, त्या दिवशी त्या धिप्पाड गड्यापुढे छाती काढून उभा होता. तळ्यात कणीक टाकणं बंद झालं, गळापुरते चार गोळे तेवढे राहिले. अश्लेषाला ते जड गेलं, पण तिने ऐकलं. दिवाळीपर्यंत वहीत पंचवीस, सव्वीस असे आकडे यायला लागले आणि प्रबोधराव लिफ्टमध्ये अनोळखी माणसांना ते सांगायला लागले.

तो रविवार आला. अश्लेषा घरीच थांबली, तिला बघवणार नव्हतं. तळ्यावर आम्ही सहा-सात जण गळ टाकून होतो. मलाही एक रॉड दिला होता, आयुष्यात पहिल्यांदा. लाकडी फळीवर पट्टी ठोकलेली, फळी पाण्याने ओली ठेवलेली. शेजारी स्टुलावर अंकल. सकाळी आठपासून एकेक मासा येत गेला. काय अंग एकेकाचं! पाठ काळीभोर, गळ्याशी लाल छटा. मोजायचा, अंकलने मान हलवायची, आणि पाण्यात. साडेदहापर्यंत सात झाले. सव्वाअकराला नऊ. मग काहीच नाही. बाराला सहा मिनिटं असताना माझा रॉड वाकला.

कसा ओढला ते मला विचारू नका. प्रबोधरावांनी हातजाळीत घेतला, फळीवर ठेवला, चष्मा वर सरकवून वाकले. आणि वाकलेलेच राहिले.

"साडेएकोणतीस," ते म्हणाले. "फुटाला एक सेंटीमीटर कमी."

"शेपटी चिमटीत धरा की जरा," मी दातओठ खात म्हटलं. "भरेल बरोबर."

"मग तो मासा वाढला नाही, वहिनी. मी वाढवला."

त्या क्षणी मी त्यांना तळ्यात ढकलणार होते. वर्षभर माझ्या घराचा मासळी बाजार केला, आणि आता एका सेंटीमीटरसाठी हा माणूस परत सोफ्यावर जाऊन बसणार! त्यांनी अंकलकडे बघून मान हलवली. "नाइन, अंकल. ओन्ली नाइन." बारा वाजले.

अंकल स्टुलावरून उठले. हात तळ्यात बुडवून ओले केले, तो मासा दोन्ही हातांनी उचलला आणि गुडघे टेकून स्वतः पाण्यात सोडला. तो गेला त्या दिशेला बराच वेळ बघत राहिले.

"प्रॉन अ‍ॅ," ते म्हणाले, "टुडे पुट, टुडे फिनिश. दिस वन गॉट नेक्स्ट इयर." मग कमरेला हात लावून सावकाश उभे राहिले. "आय सेव्हंटी-एट ऑलरेडी. आय ऑल्सो वॉन्ट टु सी."

तळं वाचलं. मी रडले, सरळ सांगते. प्रबोधरावांनी अश्लेषाला फोन लावला, पण त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. तिकडून तिला वाटलं सगळं संपलं, ती त्यांची समजूत घालायला लागली, "असू दे हो, असू दे, दुसरं काहीतरी बघू आपण." शेवटी मी फोन त्यांच्या हातातून ओढून घेतला.

"अश्लेषा," मी म्हटलं, "शनिवारचा कणकेचा डबा कर. या शनिवारचा, आणि पुढच्या वर्षभराचे."