दोन बोटं पाणी

रोह्याचं सलून बंद झालं तेव्हा बाबांनी खुर्च्या विकल्या, आरसे भिंतीवरून उतरवून घरी आणले, पण धोपटी कोणाला दिली नाही. हजामतीच्या सामानाची ती चामड्याची पिशवी पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत गेली. तिच्यात तीन जुने वस्तरे होते. हल्लीच्यासारखे अर्धं ब्लेड अडकवायचे नव्हेत, अख्ख्या पात्याचे, दगडावर धार लावायचे. त्यांतला शिंगाच्या मुठीचा माझ्या आजोबांचा, म्हणजे आबांचा. माझं आणि माझ्या भावाचं जावळ त्याच वस्तऱ्यानं काढलेलं.

शाळा सुटली की मी सलूनच्या बाकावर अभ्यासाला बसायचे. बाबा चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा वरखाली फिरवायचे आणि त्या आवाजाच्या ठेक्यावर मी पाढे म्हणायचे. पुढे मी पेणला कॉलेजात जाऊ लागले तेव्हा गिऱ्हाइकाच्या गळ्याशी वस्तरा टेकवून बाबा सांगायचे, "पोरगी कालेजात जाते माजी. व्हय का नाय?" अशा वेळी नाय कोण म्हणणार? आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. आज पेणलाच शाळेत शिकवते आहे, ती त्या वस्तऱ्यांच्या जिवावर.

म्हणून माझ्या मुलाचं जावळ ठरलं आणि बाबांनी जाहीर केलं, "पयली बट आबांच्या वस्तऱ्यानं, आनि ती मी काढनार," तेव्हा माझा ऊर भरून आला. सासूबाईंनीही रोह्याचं अंगण आनंदानं कबूल केलं. पण पेटी उघडली, तर तिन्ही पाती तपकिरी. पुराच्या साली घरात पाणी शिरलं होतं, ते पेटीतही शिरलेलं.

एवढा गंज दगडावर हातानं काढायचा तर जावळाचा दिवस उलटून गेला असता. बाबांनी मोबाइलवर कोणा परदेशी माणसाचा व्हिडिओ पाहिला होता. गरगर फिरणाऱ्या कापडी चाकावर त्यानं गंजका वस्तरा आरशासारखा केला होता. भाऊ कंपनीत शिफ्टला गेला की त्याची ड्रिल मशीन अंगणात येऊ लागली. बाबांनी ती एका फळीला तारेनं आवळली आणि पुढं पॉलिशचं चाक बसवलं. मे महिन्याच्या सुट्टीत मी माहेरीच होते. बाळाला आत झोपवून बाहेर येऊन बघायचे.

"बघ गो तुज्या बापाला," आई म्हणायची. "जन्मभर लोकांना सांगत आला, हलू नका. आता सोता उड्या मारतोय."

पहिला वस्तरा चाकानं बाबांच्या हातातून हिसकावलाच. त्याचं पातं तुटून अंगण ओलांडून केळीच्या बुंध्यात रुतलं. आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. सूप खाली न ठेवता म्हणाली, "झाली का केळीची दाढी?"

दुसऱ्याची मूठ हस्तिदंतासारख्या दिसणाऱ्या जुन्या प्लास्टिकची होती. तिला चाक घासलं नि ती भसकन पेटली. बाबांनी वस्तरा बादलीत टाकला. पण घरभर वास सुटला तो चक्क कापराचा; तसलं जुनं प्लास्टिक कापूर घालूनच करत. आई आतून विचारते, "आरती कोनाची चाललीय?"

बाबा हसले नाहीत. आता उरला होता तो आजोबांचाच.

त्याची मूठ त्यांनी आधी सोडवून बाजूला ठेवली. शेजारी पाण्याचा मग ठेवला. जरा घासायचं, पातं बुडवायचं, परत घासायचं. गंजाखालून पोलाद उजळत गेलं आणि त्यात मला बाबांचा चष्मा दिसू लागला. टोकाशी एकच डाग राहिला. "तेवढा जाऊ दे," म्हणत त्यांनी टोक चाकाला धरलं आणि क्षणभर जास्तच धरलं. टोकावर रंग चढला आणि पात्यावर मागे पसरत गेला. आधी पिवळसर, मग मोराच्या मानेसारखा निळा.

मशीन थांबली. बाबा हळूच म्हणाले, "पानी गेलं."

आई धावत बाहेर आली. "कसं गेलं? आत्ता तर नळ आला! पिंप अर्धंच भरलंय माजं!"

"नळाचं नाय गो. वस्तऱ्याचं."

भट्टीत तापवून, विझवून पात्याला जो कडकपणा देतात, त्याला आमच्याकडे पाणी म्हणतात. पातं पुन्हा फार तापलं की तो उतरतो आणि मग कितीही घासा, धार टिकत नाही. हे बाबांनी मला तिथंच, मान खाली घालून सांगितलं.

संध्याकाळी भाऊ आला. त्यानं फळीची तार सोडवून मशीन उचलून ठेवली. "नवा वस्तरा आनू काय?" एवढंच त्यानं विचारलं.

"नव्यानं कोन बी काढील," बाबा म्हणाले. "दुसऱ्याला बोलवा. मी आजा म्हनून बसतो."

ते चहाही न पिता बसून राहिले. पातं त्यांच्या हातातच होतं. बऱ्याच वेळानं त्यांनी नख लावून पात्याची कड चाचपली, टोकाकडून मुठीच्या बाजूला. मुठीकडच्या शेवटाला नख अडकून थांबलं. परत तिथंच लावलं. मग मला हाक मारली, "बाय, पोराचं डोकं केवडं हाय?"

मी ओंजळ करून दाखवली.

"मग होतंय. दोन बोटं पानी हाय अजून."

मुठीकडच्या, न तापलेल्या तेवढ्या दोन बोटं पात्याला त्यांनी दगडावर हातानं धार लावली आणि शिंगाची मूठ परत बसवली. चामड्याचा पट्टा कुजला होता, म्हणून भावाच्या कमरेचा पट्टा खिडकीच्या गजाला अडकवला. वस्तरा वरखाली फिरू लागला तसे मला पाढे आठवले.

जावळाच्या दिवशी भाऊ मामा म्हणून बाळाला मांडीवर घेऊन बसला. बाळाच्या टाळूवर कोमट पाणी शिंपडून बाबांनी पात्याची अगदी मुठीजवळची कड टेकवली. निळं टोक हवेत राहिलं. पहिली बट सासूबाईंच्या ओंजळीत पडली. बाकीचं डोकंही बाबांनी त्याच दोन बोटांनी काढलं. वेळ फार लागला. पण चरा एकही नाही. बाळ त्या निळ्या टोकाकडे हात करत होतं आणि भाऊ तो हात धरून ठेवत होता.

आई ओवाळायला आली. बाबांकडे न बघताच म्हणाली, "काय वो, पानी हाय का?"

बाबा वस्तरा पुसत होते. म्हणाले, "हाय. पिंप भरून घे."