गच्चीची कमाई

माझ्या मावशीच्या यजमानांइतका सरळ माणूस अख्ख्या मावळात सापडणार नाही, आणि सापडलाच तर त्याच्याशेजारी जेवायला बसू नये. काका किराणा दुकानांच्या एका कंपनीत मुख्य हिशेबनीस होते. लोणावळा, वडगाव, तळेगाव आणि देहूरोड अशी चार मोठी दुकानं. त्यांच्या मते जगात कमाई दोनच प्रकारची. माल विकून आलेली ती धंद्याची. आणि व्याज, भाडं, जुनी गाडी विकून आलेले पैसे हे सगळं 'इतर उत्पन्न'. खर्चाचंही तसंच. माझ्या लग्नात ते आहेराच्या टेबलाशी उभं राहून माझ्या सासऱ्यांना समजावत होते, "या पाकिटांवर जाऊ नका. हे इतर उत्पन्न. मुलगा पगार किती आणतो तेवढं बघा." सासऱ्यांनी तेवढं बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. मावशीच्या शिवणकामाच्या पैशांनाही त्यांनी एकदा 'इतर' म्हटलं होतं. त्यानंतर चार दिवस त्यांच्या शर्टाला बटण नव्हतं.

एका वर्षी कंपनीला घसघशीत नफा झाला. शेठ खूश. हायवेलगत तीन मजली दुकान काढायचं, त्यासाठी बँकेचं कर्ज, आणि तारण म्हणून चारही दुकानं, असं ठरलं. मीटिंगमध्ये पेढे फिरत असताना काका उठले. "शेठ, यंदा किराणा विकून आपल्याला तोटा झालाय. नफा दिसतोय तो गोडाऊनची जागा विकली म्हणून, आणि लोणावळ्याच्या गच्चीवरच्या मोबाईल टॉवरचं भाडं येतं म्हणून. जागा दर वर्षी विकता येत नाही."

शेठ चिडले. "गच्ची एवढी कमावती वाटते, तर तिथंच जाऊन बसा."

काकांनी हा आदेश लेखी नसल्याबद्दल नापसंती कळवली आणि दुसऱ्या दिवशी लोणावळ्याच्या गच्चीवर, टॉवरखाली, टेबलखुर्ची मांडली. धुकं असं, की समोरची वही दिसायची नाही. रेनकोट घालून, खुर्चीला छत्री बांधून ते हिशेब लिहीत. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, त्यात मालकाशी वाकडं. मावशीचा जीव टांगणीला लागला होता. विचारलं की म्हणायची, "टॉवरला नवरा बांधून आलेय मी." एकदा तपासायला वर नेलेलं मनुकांचं पाकीट माकडानं पळवलं. काकांनी लगेच ऑडिटरला फोन लावला, "दुकानातून नेलं असतं तर धंद्याचं नुकसान. पण नेलंय गच्चीवरून. मग इतर खर्चात ना?" ऑडिटर म्हणाला, "काका, तुम्ही बरे आहात ना?"

तीन आठवड्यांनी बँकेचे साहेब पाहणीला आले. हिशेब वर, म्हणून शेठना त्यांना घेऊन गच्चीवर चढावं लागलं. साहेबांनी काकांना विचारलं, "धंदा कसा चाललाय?" काकांनी वही शेठकडे सरकवली. "मालक तुम्ही. तुम्हीच वाचा."

शेठनी धंदा आणि 'इतर' असे दोन्ही रकाने वाचले. पुन्हा वाचले. मग हळूच म्हणाले, "धंदा तोट्यात आहे, साहेब. कर्ज राहू द्या." साहेब गेल्यावर ते पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसून राहिले. काकांनी डबा उघडला आणि अर्धी भाकरी त्यांच्या हातावर ठेवली.

पुढच्याच वर्षी टॉवरवाल्यांनी टॉवर काढून नेला. कर्ज घेतलं असतं, तर चारही दुकानं बँकेच्या ताब्यात गेली असती. त्याऐवजी शेठ तांदूळ थेट शेतकऱ्यांकडून घेऊ लागले, नको ते खर्च थांबवले, आणि काका निवृत्त झाले त्या वर्षी निव्वळ माल विकून थोडासा नफा झाला.

निरोप समारंभ वडगावच्या दुकानात होता. मीही गेलो होतो. भाषणं झाल्यावर गल्ल्यावर बसणारी एक बाई पुढं आली आणि काकांच्या पाया पडली. "काका, तुमी वर बसला म्हनून आमी हितं ऱ्हायलो. न्हाईतर पोरांना घिऊन कुटं गेले असते मी?" काका चष्मा पुसत राहिले.

तळेगावला परतताना गाडीत, घर जवळ आल्यावर ते म्हणाले, "पगाराच्या यादीत अकरावं नाव तिचं. इतकी वर्षं दर महिन्याला लिहीत होतो." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "चेहरा आज पाहिला रे."