पाझरणारं मडकं

बेहाला या उपनगरातल्या, मुलामा चढवण्याच्या कारखान्यात चारुदत्त सोमणांनी बारा वर्षं काढली, तीही सायनाइडच्या शेजारी. सायकलच्या लोखंडी घंटेवर तांबं चढवायचं, तर हौदात ते जहर हवंच. हाताला साधी चीर पडली तरी सोमण नळाकडे धाव घ्यायचे. वाघाची एक डरकाळी तरी ऐकू येते हो, याची तीही नाही!

शेवटी १९५३ साली त्यांनी मालकांना, श्यामसुंदरबाबूंना, गळ घातली, "जहराशिवाय तांबं चढवून दाखवतो."

बाबू हसले. "शनिवारपर्यंत दाखवा, सोमणबाबू. नाही जमलं, तर सोमवारी जहराचा नवा डबा येणार."

युक्ती अशी. एका वेगळ्या हौदात, पायरोफॉस्फेट नावाच्या क्षाराच्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडायची. त्याच पाण्यात मातीचं कोरं मडकं ठेवायचं, मडक्यात कॉस्टिक सोड्याचं पाणी आणि लोखंडी कांब. पट्टीला आणि कांबेला विजेच्या तारा जोडायच्या. मडक्याच्या भिंतीतून वीज झिरपते, पण तांब्याला भिंत आत येऊ देत नाही. मग बिचारं तांबं कांबेवर न बसता बाहेरच्या पाण्यात विरघळून राहतं, आणि मुलाम्याचा रस तयार!

शुक्रवारी सकाळी घरून मडकं आणून सोमणांनी बटण दाबलं. वीज मोजायच्या यंत्राचा काटा ढिम्म. तारा तपासल्या, कांब घासली, तरी ढिम्मच. मडकं नाकाशी नेलं, तर खमंग वास. सोमण तडक घरी.

"अगं, मडक्याला काय केलंस?"

"काय करणार?" त्यांची बायको शकुनबाई म्हणाल्या. "रात्री त्यात पेज शिजवली, वर तेल चोळलं. नवं मडकं कुणी तसंच वापरतं का? पाझरत राहील ना!"

"अगं, पाझरायलाच हवं होतं ते!"

"मग आणतानाच सांगायचं. मला काय स्वप्न पडतं?"

सोमण कपाळाला हात लावून हसत सुटले. नाक्यावरच्या चहावाल्याकडून मातीचे सहा कोरे पेले घेतले, प्रत्येकात कॉस्टिकचं पाणी आणि कांब घातली आणि हौदात ओळीने बसवले. बटण दाबताच काटा टुणकन उठला, आणि संध्याकाळपर्यंत पाणी गडद निळं झालं.

शनिवारी त्या रसातून घंटा निघाली, ती लालचुटूक. बाबूंनी तिला कानस लावली, हातोडीने ठोकली. सालपट निघेना.

"डबा नको म्हणून कळवा," बाबू म्हणाले. "आणि उरलेला परत पाठवा."

दुपारी कुलूपबंद डबा गाडीत चढला. गाडी वळणाआड होईपर्यंत सोमण फाटकात उभे होते. मग मागे वळले आणि कारखान्याच्या दारात छाती भरून श्वास घेतला.