आभाळातून पडलेल्याचं सुतक

"माणूस असंल, तर त्याला आई असंलच की," गुणाबाई एकदा नवऱ्याला म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिनं देवापुढं दिवा लावला नाही.

व्यंकट चुलीपुढं चहाची वाट बघत उकिडवा बसला होता. त्यानं देवाच्या देवळीकडं पाहिलं, मग बायकोच्या डोक्याकडं पाहिलं. केसांना तेल नव्हतं. आमटीला कालपासून फोडणी नव्हती. रात्री ती पांघरूण न घेता भुईवर निजली होती.

"घरात कोण मेलंय?" त्यानं विचारलं.

"त्यो पडलेला."

"त्याला लष्करानं पाडलं म्हणायलेत समदे. तुझा काय संबंध?"

"लष्कराला काय ठाव? खडा माझा हुता."

रेणापूर तालुक्यातल्या त्या गावात गुणाबाईएवढी गोफण कुणाला येत नव्हती. गोफण तिला बापानं शिकवली, उदगीरकडच्या माहेरी, परकर नेसायच्या वयात. आता ती बासष्टीची होती. पौषात ज्वारी हुरड्यात आली की भोरड्या येतात, हजारांच्या थव्यांनी, आभाळाला बुरशी यावी तशा. पूर्वी सगळं शिवार ज्वारीचं होतं तेव्हा पाखरं वाटली जायची. आता जिकडं तिकडं सोयाबीन आणि हरभरा. ज्वारी उरली होती ती शिवशंकरअप्पाची दीड एकर. अप्पाचं गावात किराणा दुकान. घरची भाकरी आणि बैलांचा कडबा एवढ्यापुरती तो ज्वारी पेरायचा, आणि साऱ्या शिवाराची पाखरं त्या एका तुकड्यावर उतरायची. त्यानं चकाकत्या फिती बांधून पाहिल्या, भोंगा लावून पाहिला. दोन दिवसांत भोरड्या भोंग्यावर बसून ओरडू लागल्या. शेवटी दर साली गुणाबाईलाच बोलवावं लागे.

चार बल्ल्यांवर बांधलेल्या माळ्यावर ती उभी राही. चिखलाचे लिंबाएवढे गोळे वळून तिनं उन्हात वाळवलेले असत. गोळा थव्याच्या डोक्यावरून न्यायचा, म्हणजे थवा आपला आपण उठतो. पाखराला लागू द्यायचा नाही. इतक्या वर्षांत तिच्या गोफणीनं एक पाखरू मेलं नव्हतं. हे तिनं कुणाला कधी सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

त्या मंगळवारी सकाळी ऊन नुकतं तापू लागलं होतं. थवा उगवतीच्या अंगानं उतरत होता. गुणाबाईनं गोफण फिरवली, दोरी फट्कन वाजली, आणि गोळा सूर्याच्या झळाळीत दिसेनासा झाला. त्याच क्षणी जमिनीखालून गुडगुडलं. किल्लारीच्या भूकंपानंतर लातूरकडच्या माणसाला तो आवाज नवा नाही; तो ऐकून माणूस परत कामाला लागतो. पण गुणाबाईनं वर पाहिलं, तर जिथं तिचा गोळा गेला होता तिथूनच एक पांढरं काहीतरी झोकांड्या खात खाली येत होतं. वर भगवं कापड फडफडत होतं. खाली दोन पाय लोंबत होते, असं तिला दिसलं. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता. ते नाल्यापलीकडं हरभऱ्यात पडलं. ती माळ्यावरून उतरली आणि तिकडं न जाता घराकडं पळाली. ही पळून जाण्याची गोष्ट तिला नंतर जास्त छळत राहिली.

पोलीस तासाभरात आले. ताडपत्री टाकून त्यांनी ते ट्रॅक्टरमध्ये घातलं आणि ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत ठेवून कुलूप लावलं. हवामानाचं यंत्र आहे, वर हैदराबादचा पत्ता आहे, तिथं कळवलंय, असं सांगून ते गेले. त्यावर गावात कुणाचाच विश्वास बसला नाही. गेल्या उन्हाळ्यात सगळ्यांनी टीव्हीवर सीमेवरचे ड्रोन पडताना पाहिले होते. त्याच्या आदल्या वर्षी तर रात्री ड्रोन फिरतात म्हणून गावानं काठ्या घेऊन गस्त घातली होती. आता कुठं काहीतरी खरोखर पडलं होतं. ते नुसतं हवामानाचं कसं निघेल?

दुसऱ्या दिवशी गुणाबाई गूळ आणायला दुकानात गेली तर अप्पाचा पुतण्या वीरेश पायरीवर उभा राहून बोलत होता. मोबाइलवर त्याचं स्वतःचं चॅनेल होतं.

"आवाज ऐकला का न्हाई? ते मिसाईल हुतं. लष्करानं विमान हवेतच उडवलं."

"कुणाचं विमान म्हणायचं ते?" गल्ल्यावरून अप्पानं विचारलं.

"चीनचं."

"चीनला आमच्या गावात काय बघायचंय रे? आमची पाण्याची टाकी? तीबी रिकामीच हाय."

"हसू नका, अप्पा. मग ताडपत्री का टाकली? खाली पाय दिसत हुते. हात-दीड हाताचा माणूस हुता. या पृथ्वीवरचा न्हाईच म्हणे त्यो."

"दीड हाताचा म्हणजे लेकरू असंल," बाकावरचा कुणी म्हातारा म्हणाला.

"जित्ता हुता का?" गुणाबाईनं विचारलं.

सगळे तिच्याकडं वळले. वीरेशला श्रोता मिळाल्याचा आनंद झाला. "थोडा वेळ हुता म्हणे, मावशे. पाणी मागायलता."

गुणाबाई गूळ न घेताच घरी गेली. तिनं देवाची देवळी फडक्यानं झाकली ती त्या संध्याकाळी.

"अगं, तुझा खडा जाऊन जाऊन जाणार किती वर?" व्यंकट म्हणाला. "ते ढगाच्याबी वरून आलं."

"खाली आलं तवा लागला."

"पोलीस तर यंत्र म्हणायलेत," व्यंकट पुटपुटला.

"पोलीस खरं बोलायला कवा लागले?"

ती रोज शेतावर जात राहिली, पण गोफण घरीच खुंटीला ठेवून. माळ्यावर उभं राहून ती पत्र्याचा डबा बडवायची. भोरड्या डब्याला भीत नव्हत्या. कणसं एका बाजूनं पोकळ होत चालली. पाचव्या दिवशी अप्पा बांधावर आला.

"मावशी, ही ज्वारी माझी हाय का भोरड्यांची?"

"हात उचलत न्हाई, अप्पा."

"दुखतोय का? मलम देतो दुकानातलं."

"दुखत न्हाई. उचलत न्हाई."

गावात रोज नवी बातमी यायची. पायलटला रात्रीतून लष्करानं नेलं. नाही, त्याला नाल्याकाठी पुरलं. त्याला सहा बोटं होती. त्याच्या खिशात एक फोटो सापडला, बाईचा. लोकांना ही करमणूक होती. ऊस तोडून, हरभरा खुरपून आलेली माणसं कट्ट्यावर बसत आणि त्या माणसात भर घालत. गुणाबाई ते सगळं ऐकून घेई आणि घरी नेई. फोटोतली बाई कोण असेल, हे तिनं ठरवूनही टाकलं होतं.

दहाव्या दिवशी सकाळी तिनं न्हाऊन भात शिजवला, दही घातलं आणि पळसाच्या पानावर घास ठेवून पान बांधावर मांडलं. कावळा बाभळीवर येऊन बसला. खाली मात्र उतरेना. घटकाभर ती हात जोडून उभी होती. व्यंकट मागं टेकून बिडी ओढत होता.

"कावळ्यालाबी ठाव हाय," तो म्हणाला, "कुणी मेलंच न्हाई."

"त्याचं काहीतरी राह्यलंय." गुणाबाई पानाजवळ वाकली आणि हळू, पण स्वच्छ आवाजात म्हणाली, "बाबा, माझ्या हातून झालं. मी चार माणसांत सांगते. आजच सांगते."

कावळा उतरला. घास उचलला आणि उडाला.

व्यंकटनं बिडी विझवली. त्याला आता हसावंसं वाटेना.

त्याच दुपारी हैदराबादची जीप आली. वारा फिरल्यामुळं त्यांचा फुगा भलतीकडं भरकटला होता आणि पोलिसांचं पत्र आठवडाभर कुठल्या तरी टेबलावर पडून होतं. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात माणूस मावत नव्हता. सुकन्या नावाची तरुण शास्त्रज्ञ टेबलावर ठेवलेली पांढरी पेटी उलटीपालटी करून पाहत होती. गुणाबाई गर्दीतून वाट काढत टेबलापर्यंत गेली. व्यंकट दारातच थांबला.

"मी पाडलं," गुणाबाई म्हणाली. "गोफणीनं. लष्करानं न्हाई. मुद्दाम न्हाई केलं, पण माझ्याच हातनं झालं. त्याच्या घरी कळवा."

अख्ख्या कार्यालयात हशा पिकला.

"गोफणीनं मिसाईलचं काम! हिला लष्करात भरती करा रे!"

"मावशे, परत एकदा म्हण, इकडं बघून," वीरेशनं मोबाइल तिच्या तोंडापुढं धरला.

सुकन्या हसली नाही. तिनं वीरेशचा हात बाजूला केला. "आजी, मी इकडचीच, धर्माबादची. तुमचं बोलणं मला कळलं. पण हे कुणीच पाडलं नाही, आम्हीच उतरवलं. वर मोठा फुगा असतो. काम झालं की आम्ही खालून इशारा देऊन दोरी तोडतो आणि पेटी कापडी छत्रीनं खाली येते. वरची हवा मोजायचं यंत्र आहे हे."

"आन् पाय?"

"वायरी असतात लोंबत. या बघा."

"मग आत कुणी न्हवतं?"

"कुणीच नव्हतं."

"मला बघू द्या."

सुकन्यानं चार स्क्रू काढून झाकण उचललं. गुणाबाईनं पेटीत हात घातला. कणगीच्या तळाला दाणा उरलाय का हे बायका जसं चाचपतात, तसं तिनं एकेक कोपरा चाचपला. थर्माकोल, एक गार डबी, वायरींचा गुंता. कडेला एक फट होती; तिच्यात तिनं दोन बोटं घातली आणि डोळे मिटले. हसणं हळूहळू थांबलं. इतके दिवस ज्याच्यासाठी ती भुईवर निजली होती, तो तिथं नव्हता. आणि जो नव्हताच, त्याच्या नावाचा घास सकाळी कावळा घेऊन गेला होता.

तिनं हात बाहेर काढला.

"म्हणजे पायलटला आधीच काढून नेलं," वीरेश म्हणाला. "पेटी रिकामी दाखवायलेत आता."

दोन-चार माना हलल्या. खिडकीतून कुणीतरी विचारलं, "मॅडम, नेलं कुठं त्याला? खरं सांगा."

सुकन्या काही बोलू लागली, पण सगळे एकदम विचारू लागले होते. गुणाबाईनं वीरेशकडं पाहिलं, खिडकीतल्या तोंडांकडं पाहिलं, पाणी मागणारा तो माणूस कुणाकुणाच्या तोंडून आला होता ते एकेक ओळखून घ्यावं तसं सावकाश. मग पदर डोक्यावरून घेतला. गर्दीनं तिला वाट दिली. दारातला व्यंकट काहीतरी म्हणायला पुढं झाला. त्याच्या बाजूनं ती उंबरा ओलांडून उन्हात निघून गेली.