आवाज नसलेल्या गाडीचं साक्षगंध

मी बुक केलेली गाडी मी अजून पाहिलेली नाही. मीच काय, कुणीच पाहिलेली नाही. कंपनीने फोटो टाकला तोही अंधारातला, नुसते दोन दिवे आणि एक पाठ. किंमत नंतर कळणार, रंग नंतर कळणार, एकदा चार्ज केल्यावर किती धावणार तेही नंतरच. ‘सविस्तर माहिती लवकरच’ एवढं एकच वाक्य ठळक होतं आणि त्याच्याखाली टोकन भरायचं बटण. मी ते दाबून टाकलं. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात भर दुपारी माणूस काहीही करून बसतं.

नवरा शेजारी टरबूज खात बसला होता. म्हणाला, “पाह्यली नाई, बसली नाई, अन् बुक करून राह्यली?”

“लग्नाच्या आधी तुमाले तरी कुठी पारखून पाह्यलं होतं?” मी म्हटलं.

यावर त्याने ‘उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग’ एवढंच पुटपुटून टरबुजाची दुसरी फोड उचलली. संध्याकाळी आम्ही दोघं गाडीच्या रंगावरून भांडलो. त्याला पांढरी हवी, मला हिरवी. बाजारात तुरी म्हणतात ते हेच.

रात्री जेवण झाल्यावर आईला फोन केला. आई नागभीडजवळच्या आमच्या गावी भावाकडे राहते. तिला सगळं सांगितलं तर ती खुदकन हसली. “मंग गाडीचं साक्षगंध झालं म्हन की.” आमच्याकडे साखरपुड्याला साक्षगंध म्हणतात. “माह्यावानीच झालं तुह्यं. मी बी तुह्या बापाले कुठी पाह्यलं होतं? ऐकलं होतं नुसतं, का जीप चालवते म्हून.” मग तिने विचारलं, “आवाज कसा हाय तिचा?”

आवाजच नसतो, मी कौतुकाने सांगितलं. बॅटरीवर चालते, कधी आली न् कधी गेली पत्ता लागत नाही.

आईने विचारलं, “मंग मले कसं समजंन, तू आली म्हून?”

दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी हसले असते. पण काचबिंदूने आईची नजर जवळजवळ नेली आहे. उजेड कळतो, सावली हलली की कळते, माणूस कोणतं ते कळत नाही. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येणार नाही, आहे तेवढं सांभाळा. तेव्हापासून ती कानांनी बघते. त्यातही गाड्या ओळखण्याचं तिचं शिक्षण फार जुनं, बाबांच्या जीपवर झालेलं.

बाबा नागभीडच्या स्टेशनवरून आजूबाजूच्या खेड्यांत सवाऱ्या नेत. त्यांची जीप खोकायची. सायलेन्सरला भोक होतं आणि ते बुजवायचा बेत मी शाळेत असताना सुरू होऊन कॉलेजात गेले तरी बेतच होता. गावाच्या अलीकडे बोडी आहे, म्हणजे धानाच्या खाचरांना, बांध्यांना, पाणी देणारं लहानसं तळं. तिच्या काठावर रस्ता वळतो. जीप त्या वळणावर आली की आधी खोकायची, मग गिअर बदलताना कण्हायची. तेवढ्या आवाजावर आमचं घर जागचं हलायचं. आई चहाचं आधण ठेवायची, केसांवरून हात फिरवायची, पदर नीट करायची. आम्ही भावंडं भांडण अर्धवट टाकून पुस्तकं उघडायचो. बाबा दारात येईपर्यंत आमचं घर चांगलंच सुधारलेलं असायचं. मला तर वाटतं, त्या भोकावरच आमचा संसार नीट चालला. बाबांनाही हे ठाऊक असणार, नाहीतर इतकी वर्षं कोण भोक ठेवतं?

बाबा गेले, जीप भंगारात गेली. पुढे मी डिझेलची गाडी घेतली, जुनीच, तीही खोकणारी. पहिल्याच फेरीत आईने तिचा आवाज पाठ केला. मी अंगणात उतरते तोवर ती दारात उभी असते, पदर सावरलेला, आणि आत चहाला उकळी. म्हणते काय, तर “आली काय वं? आत्ताच ठेवला चहा.” वर्षानुवर्षं हेच वाक्य. बोडीपासून अंगणापर्यंतचा तेवढा वेळ तिचा स्वतःचा होता. नजर गेल्यावर तिच्या हातात अशा गोष्टी फार उरल्या नव्हत्या, आणि त्यातलीच एक मी बटण दाबून काढून घ्यायला निघाले होते.

मी कंपनीला रीतसर विचारलं, गाडीला काही आवाज असेल का. उत्तर आलं, आपल्या उत्सुकतेबद्दल धन्यवाद, सविस्तर माहिती लवकरच. मला राग आला. आईचा प्रश्न त्यांना कसा कळावा, हे मात्र राग ओसरल्यावर सुचलं.

पावसाळा सरत आला तेव्हा एका मैत्रिणीची इलेक्ट्रिक गाडी एका रविवारासाठी मागून घेतली. चालवून तर बघावी, आणि आईला आत बसवावं, म्हणजे तिची भीती जाईल, असा माझा हिशेब. मुद्दामच कळवलं नाही. सिंदेवाहीच्या पुढे जंगलातल्या रस्त्यावर चितळांचा कळप चरत होता. एरवी माझ्या डिझेलवालीचा आवाज लांबून ऐकूनच ती उधळतात. आज अगदी जवळून गेले तरी एकाच मादीने मान वर केली. मला काय आनंद झाला. बांध्यांमध्ये धान निसवत होता, लोंब्या बाहेर पडत होत्या; काचा खाली केल्या तर त्याचा वास थेट आत येत होता. असा वास मला लहानपणी जीपमध्येही आला नव्हता, तिथे डिझेलचाच वास.

बोडीचं वळण घेतलं. रस्ता ओला, मऊ. अंगणाच्या कडेला चिंचेखाली गाडी उभी केली आणि उतरणार तोच थांबले.

भाऊ-वहिनी शेतावर गेलेले. आई सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीवर, बाजेवर बसली होती. केस मोकळे, पदर खांद्यावरून घसरलेला. तोंड बोडीकडे. कान जरा पुढे केलेला. तेवढ्यात वळणावर एक मोटरसायकल वाजली. आईने बाजेच्या गातावर, कडेच्या लाकडावर, हात टेकला, अर्धवट उठली, ऐकलं, आणि परत खाली बसली. थोड्या वेळाने एक ट्रॅक्टर आला. पुन्हा हात टेकला, पुन्हा उठली, पुन्हा बसली. मी येणार हे तिला माहीत नव्हतं. रविवार होता, एवढंच.

इतक्या वर्षांत मी आईला नेहमी दारात उभी पाहिली होती. बसलेली कधी पाहिली नव्हती. मला वाटायचं, आवाज ऐकून ती कामातून उठते. मला फार वाईट वाटलं, रडूच आलं. नाक पुसून मी हाक मारली, “माय.”

ती दचकली. तिचा हात आधी केसांकडे गेला. “कवा आली वं तू?”

“आत्ताच.”

“असं चोरावानी येते काय कोनी माहेरी?” ती खरंच रागावली होती. पदर शोधत होती, तो सापडत नव्हता. मी ओढून द्यायला गेले तर हात झटकला. “जाय. मांगं जाय बोडीपर्यंत. हॉरन देत ये.”

मला वाटलं गंमत करते आहे. पण ती तोंड फिरवून वाट बघत राहिली, मी जायची.

मी गाडी उलटी वळवली. बोडीवर जाऊन थांबले. पाण्यावर बगळे होते. लांब हॉर्न दिला, मग आणखी एक. लगेच निघाले नाही. चुलीपर्यंत जायला तिला वेळ लागतो. मग अगदी हळू, हॉर्न देत देत, मघाचाच रस्ता पुन्हा आले.

बाज रिकामी होती. आई दारात उभी होती, पदर डोक्यावर, केस बांधलेले.

“आली काय वं?” ती म्हणाली. “आत्ताच ठेवला चहा.”