पाठमोरी सुखदाकाकू

चित्रलेखा सिडनीतल्या ब्लॅकटाउनच्या एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना अंघोळ घालते आणि सुट्टीच्या दिवशी जवळच्याच स्कोफिल्ड्समधल्या आपल्या घरी गराजमध्ये चित्रं काढते. युनीत शिकत असताना लायब्ररीत तिच्या हाती युरोपातल्या जुन्या फ्लेमिश चित्रांचं जाडजूड पुस्तक लागलं होतं. त्यात ना राजे, ना देव. शेतकरी जेवत होते, एक जण बोटं चाटत होता, एकीची तर नुसती पाठच दिसत होती. 'अरे, ही तर आपलीच पंगत!' म्हणून ती भर लायब्ररीत हसली. तेव्हापासून ती तसलीच चित्रं काढते. नथवाल्या सुंदर बायका मागणाऱ्यांना दारातही उभं करत नाही.

यंदा तिथल्या मराठी मंडळाने गणपतीमागे लावायला तिच्याकडून पडदा रंगवून मागितला. तिने उत्सवाच्या हॉलमागचं किचन काढलं. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत घरी न्यायला आमटी भरून घेणारी मंडळी, आणि मधोमध सिंकवर वाकलेली, पाठमोरी सुखदाकाकू. अकरा वर्षांत ही बाई एकदाही आरतीला बाहेर आलेली नाही, कारण पातेल्यांना दुसरं कुणी हात लावत नाही.

मंडळाचा अध्यक्ष शैलेंद्र पडदा बघायला आला आणि त्याचा चेहराच उतरला.

"अगं, काउन्सिलचे लोक येणारेत! फोटोत काय, काकूंची पाठ? त्यांना काढून टाक, तिथे छान समई घाल. नाहीतर पडदा लागणार नाही. सॉरी, मेट."

चित्रलेखाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन महिने खपून केलेला पडदा लागायला तर हवाच होता, पण काकूला पुसून? मुळीच नाही.

"नो वरीज," ती म्हणाली. "घालते समई."

शनिवारी हॉलमध्ये पडदा उलगडला. समई होती. काकूच्या हातात होती, आणि काकू ती चिंचेने घासत होती.

"ही काय थट्टा आहे?" शैलेंद्र ओरडला.

"समई हवी होती ना तुला? ती कोण घासतं तेही दिसू दे की लोकांना."

शैलेंद्र तरातरा पडदा गुंडाळायला लागला. आरडाओरडा ऐकून सुखदाकाकू ओले हात पुसत किचनमधून आली. पडद्यावरची स्वतःची पाठ तिने निरखून पाहिली.

"एवढी जाड आहे का गं मी?" तिने विचारलं. मग एप्रनची गाठ सोडून तो शैलेंद्रच्या खांद्यावर टाकला.

"गुंडाळ खुशाल. पण मग मी आज आरतीला बसते. पातेली तू घास."

पडदा लागला. काकू आरतीलाही बसली, पहिल्या रांगेत. एप्रन तिने परत मागितला नाही.