शेवटाच्या आधीची गाडी

पिक्चर संपायला आला की माझे पाय शिवशिवायला लागतात. हातात रिमोट असेल तर मी चॅनेल बदलते, नसेल तर उठून स्वयंपाकघरात जाते, गॅस बंद आहे का बघते, दाराची कडी तपासते. तिकडे व्हिलनला अजून मार पडायचा असतो आणि इकडे मी गॅलरीत उभी राहून समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे मोजल्यासारखी बघत असते. मुलगा वैतागतो. म्हणतो, आई, दहा मिनिटं बस ना एका जागी. नवरा आता काही म्हणत नाही. मला जायला जागा व्हावी म्हणून फक्त पाय आखडून घेतो. माणूस चांगला आहे.

हे सगळं आमच्या गावच्या गाडीमुळं झालं, असं मी सगळ्यांना सांगत आले.

आमचं गाव राजूरच्याही पुढं, आत वळणाऱ्या रस्त्यावर. दिवसाला दोन गाड्या. सकाळची जालन्याला न्यायची आणि संध्याकाळची मुक्कामी गाडी परत आणायची. ती जालन्याच्या स्टँडवरून साडेपाचला सुटायची, आणि आम्ही जायचो तो खेळ तीनचा. बाराचा खेळ आम्हाला मिळायचाच नाही, कारण त्या वेळात अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, मोंढ्यातली, धान्याच्या बाजारातली कामं व्हायची आणि आईची खरेदी. त्यात तेव्हाचे पिक्चर चांगले तीन-तीन तासांचे. त्यामुळं आम्ही कुठल्याच पिक्चरचा शेवट पाहिलेला नव्हता. आम्हीच काय, आमच्या अख्ख्या गावानं पाहिलेला नव्हता.

त्याची एक रीतच पडली होती. इंटरव्हल झाली की आई पिशव्यांची तोंडं बांधून मांडीवर घ्यायची. चपला पायातून काढायच्या नाहीत. अण्णा कडेच्या खुर्चीवर बसायचे. त्यांच्या घड्याळाचे काटे रेडियमचे होते, अंधारात हिरवे दिसायचे. मी अर्धा डोळा पडद्यावर आणि अर्धा त्या काट्यांवर ठेवून बसायची. हिरो व्हिलनच्या अड्ड्यात शिरला, दिवे लुकलुकायला लागले की अण्णा उठायचे. ते उठले की आमच्यासारखे आणखी पाच-पंचवीस लोक उठायचे. जालन्यातले लोक मागून ओरडायचे, ए, खाली बसा. आम्ही वाकून, पिशव्या सांभाळत, पडद्याकडं मान वळवून वळवून बाहेर पडायचो. बाहेर लख्ख ऊन. मला त्या उन्हाचा फार राग यायचा.

मग गाडीत शेवट ठरायचा. त्याच खेळाला आलेले सगळे त्याच गाडीत, त्यामुळं राजूर येईपर्यंत नुसता वाद. कुणी म्हणायचं धाकटा भाऊ मेला असणार, कुणी म्हणायचं नाही, त्याच्या गळ्यात ताईत आहे. आई गप्प ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी हापशावर बायकांना आपलाच शेवट सांगायची. तिच्या शेवटात व्हिलन माफी मागायचा, सासू सुनेला जवळ घ्यायची आणि सगळे पंगतीला बसायचे. ताटात काय काय होतं तेसुद्धा सांगायची. बायका ते खरं धरायच्या. गावात अजून काही म्हाताऱ्या सापडतील ज्यांच्या लेखी हिंदी पिक्चर पुरणपोळीवर संपतो.

मला मात्र त्यानं भागायचं नाही. माझ्या डोक्यात प्रश्नांची नुसती किरकिर चालायची. हिरोच्या घरात एवढा मोठा पियानो, मग चूल कुठं आहे? हिरोईन झोपताना कानातलं काढत नाही, तिला टोचत नाही का? जुळे भाऊ जत्रेत हरवतात आणि वीस वर्षं सापडत नाहीत, हे कसं? आमच्या राजूरला गणपतीला अंगारकीची एवढी गर्दी होते, तिथं पोर हरवलं की माइकवरून पुकारतात आणि चहा होईपर्यंत ते रडत आईच्या कडेवर असतं. पिक्चरमधल्या लोकांना माइक माहीत नव्हता का? मी हे आक्काला विचारायची. आक्का माझी मोठी बहीण. ती म्हणायची, "तू पिक्चर बघू राह्यली का तपास करू राह्यली?"

आक्काचं लग्न ठरलं तेव्हा मी आठवीत होते. स्थळ वाटूरचं. बागायत जमीन, दारात जीप, एकुलता एक मुलगा. आईला तर आभाळ ठेंगणं झालं होतं. मुलगा येऊन पाहून गेला, पसंती कळवली, सुपारी फोडायचा दिवस धरला. आक्काला पसंत आहे का, हे कुणी विचारलं नाही. विचारायची पद्धतच नव्हती. आक्का अण्णांसमोर मान वर करून कधी उभी राहिली नसेल. पाण्याचा तांब्या ठेवायचा आणि मागं सरायचं, एवढाच बाप-लेकीचा संबंध.

सुपारीच्या आदल्या दिवशी आम्ही चौघं जालन्याला गेलो. साडी, बांगड्या, नारळ, पाहुण्यांसाठी पेढे. खरेदी झाल्यावर आक्का आईच्या कानाशी काहीतरी बोलली आणि आई अण्णांना म्हणाली, "पोरगी म्हणू राह्यली पिक्चर बघू. पुन्हा कधी बघंल ती?" अण्णा बरं म्हणाले. आम्ही तीनच्या खेळाला शिरलो.

पिक्चर कसा होता ते मला नीट सांगता येणार नाही, कारण माझं लक्ष आक्काकडं होतं. ती पडद्याकडं बघतच नव्हती. मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची. मला वाटलं लग्नाची लाज असेल. नायिकेला एका पुलावर बांधून ठेवलं, खालून पाणी वाहत होतं, आणि अण्णा उठले. आई उठली. मी उठले. आक्का उठली नाही.

"आक्का, चल," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. आईला वाटलं मागून येतेय. आम्ही दारापर्यंत गेलो तरी ती खुर्चीतच. आई परत आत गेली, हाताला धरून ओढलं, मागचे लोक ओरडायला लागले. आक्कानं खुर्चीचा दांडा गच्च धरून ठेवला होता. अण्णा आईला म्हणाले, "तुमी दोघी स्टँडवर व्हा. मी तिला घिऊन येतो."

आम्ही पळतच स्टँड गाठला. आईनं खिडकीतून रुमाल टाकून दोन जागा धरल्या. मग उतरली, मग पुन्हा चढली. कंडक्टरला म्हणाली थांबा, माणूस येऊ राह्यलं. त्यानं थोडा वेळ थांबवलीही गाडी. मी खिडकीतून रस्त्याकडं बघून बघून डोळे दुखवून घेतले. ते दोघं आले नाहीत. घंटी वाजली. आई उतरावं की नाही अशी दारात उभी राहिली, पण घरी उद्याची सगळी तयारी व्हायची होती. आम्ही निघालो. त्या दिवशी गाडीत आई शेवटाबद्दल अक्षर बोलली नाही.

ते दोघं जालन्यात मामांकडं राहिले असणार, एवढं आईनं धरलं. पण सकाळी वाटूरची जीप आधी आली. पाहुणे सतरंजीवर बसले, नवऱ्या मुलाची आई चारदा घरात डोकावली, आणि नवरीचा पत्ता नाही. आईनं सांगितलं, बांगड्या राहिल्या होत्या, त्या आणायला गेल्यात. नंतर राजूरपर्यंत गाडीनं आणि तिथून पायी येऊन, अण्णा पुढं, आक्का मागं, असे दोघं अंगणात आले. मुलाच्या वडिलांनी विचारलं, कुठं गेल्ते म्हणे?

अण्णा मोंढ्यात उठबस करणारे. वेळ पडली की गोड बोलून बाजू मारून न्यायची सवय. नातेवाईक आजारी होते, गाडी बंद पडली, काय वाट्टेल ते सांगता आलं असतं. अण्णा म्हणाले, "पिक्चर बघत बसलो. गाडी चुकली."

मग मुलाचे वडील हसल्यासारखं करून म्हणाले, "सुपारीच्या आदल्या दिशी?"

"हां. शेवट बघायचा होता," अण्णा म्हणाले.

पाहुण्यांनी चहासुद्धा घेतला नाही. जीप वळून गेली, पेढ्यांचं खोकं तसंच राहिलं. आईनं तोंडाला पदर लावला आणि त्या दिवसापासून आमच्या घरात पिक्चर बंद झाले. जालन्याला गेलो तरी त्या रस्त्यानं जायचं नाही. गावात गणपतीला व्हिडिओ आणायचे, पोरं सतरंज्या घेऊन पळायची आणि मी घराच्या माळवदावर उभी राहून नुसता आवाज ऐकायची. नुसत्या आवाजावरून कोण कुणाला मारतंय हे ओळखायची. मला आक्काचा भयंकर राग यायचा. हिला एकदा शेवट बघायला मिळाला, आणि त्यापायी माझी सुरुवातही गेली. मी तिला किती वेळा विचारलं, पुलावरून ती सुटली का? आक्का म्हणायची, सुटली. पुढं एक शब्द नाही. अण्णांना विचारायची हिंमत नव्हती.

आई अण्णांना मात्र सोडत नसे. निमित्त कोणतंही चालायचं. भाजी खारट झाली तरी गाडी वाटूरवर यायची. "राजूरपर्यंत तर गाड्या होत्या ना? राजूरला कुणाची बैलगाडी भेटली नसती? पिक्चरपायी सोन्यासारखं स्थळ घालवलं." अण्णा सुपारी कातरत बसायचे. दोन-तीन वर्षांनी आक्काला बदनापूरला दिली. नवरा साधा, रोज रेल्वेनं जालन्याला नोकरीला येणारा. तिचं बरं चाललं. आई ऐकवायची, बरं चाललंय ठीक आहे, पण जीप गेली ती गेलीच. अण्णांनी जाईपर्यंत हे ऐकून घेतलं.

मीही लग्न होऊन जालन्यात आले. नोकरी लागली, घर झालं, केबल आली. मग एका रविवारी दुपारी चॅनेल बदलता बदलता मला तो पूल दिसला.

मी लगेच ओळखला. तोच पूल, खाली तेच पाणी. माझे पाय शिवशिवायला लागले. अण्णा उठले ती जागा आली, आणि मी सोफ्याचा कोपरा धरून बसून राहिले. मुलगा माझ्याकडं बघायला लागला. पुढं काय, तर पोलिस आले, भावाभावांनी मिठी मारली, सगळ्यांचा एक फोटो निघाला. संपलं. मला इतका संताप आला की काय सांगू. ह्यासाठी? ह्यासाठी घरात एवढी वर्षं धुसफूस? मी तशीच उठून आक्काला फोन लावला.

"आक्का, तो पिक्चर लागला होता. पुलाचा."

मग ती म्हणाली, "मंग? सुटली का ती?"

"म्हणजे? तूच तर सांगितलं सुटली म्हणून."

"मी कुठं पाह्यला," आक्का म्हणाली. "मी रडू राह्यले होते."

मग ती सावकाश सांगत गेली. तिला शेवटाशी काही देणंघेणं नव्हतं. उठलं की गाडी, गाडी आली की घर, आणि घर आलं की सकाळ होणार, म्हणून तिच्यानं उठवलं नाही. वाटूरचा मुलगा पाहायला आला होता, त्या दिवशी ती गोठ्याकडं गेली होती. तिथं मागच्या बाजूला त्यानं जीपच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरच्या थोबाडीत मारलेली तिनं पाहिली. गाडी उन्हात लावली म्हणून.

"अण्णा शेजारी यिऊन बसले. मला वाटलं आता ओढत नेतेत. पण ते बसूनच राह्यले. मंग समोर पडद्याकडं बघत बघतच इचारलं, पोरगा पसंत न्हाई का?"

"घरी का नाही विचारलं मग?"

"घरी कसं इचारतील? अंधारात तोंड दिसत नव्हतं म्हणून त्यांला इचारता आलं. म्हणून मला सांगता आलं."

तिनं सांगितलं आणि अण्णा बरं म्हणाले. उद्या मी बघतो, तू बोलू नको, आईलाही सांगू नको. पोरीनं नकार दिला असं भावकीत झालं तर पुढं कुणी दारात येणार नाही. त्यापेक्षा बाप पिक्चरचा येडा आहे म्हणू दे.

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तिथंच उभी होते. आतून नवऱ्यानं विचारलं, कुणाचा फोन? आक्काचा, म्हटलं. तो पुन्हा पेपर वाचायला लागला. मघाशी म्हटलं ना, माणूस चांगला आहे. मला कुणी विचारलं असतं, तर मी कदाचित होच म्हणाले असते. कदाचित नसतेही. मला खरंच सांगता येत नाही, आणि ते सांगता येत नाही हे मला त्या दुपारपर्यंत माहीतच नव्हतं.

कारण माझं लग्न ठरलं, तेव्हा सुपारीच्या आधी अण्णा एकदा आईला म्हणाले होते, धाकटीला जालन्याला नेऊन एखादा पिक्चर दाखवून आणू का. आई केवढी कडाडली. एक स्थळ घालवलं ते पुरं झालं नाही का, म्हणाली. अण्णा माझ्याकडं बघत जरा वेळ उभे राहिले, मग अडकित्ता शोधायला आत गेले. मला वाटलं, त्यांनाच पिक्चर बघायचा असेल.